दिव्यांग शरणार्थी आणि कायदा: बोट आणि धक्का यांच्यामधली फट

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा केंद्रीय कायदा देशात लागू झाला. त्यातला एक भाग गोव्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही: गेस्टहाऊसमध्ये परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची, म्हणजे जुन्या ओळखीच्या नावाने 'सी फॉर्म' भरायचा. नव्या कायद्यात अशी माहिती देण्याचे बंधन इस्पितळांवर आणि शिक्षणसंस्थांवरही आहे. यावर बोलणे निघते ते बहुतेक व्हिसा संपूनही किनाऱ्यावर राहिलेल्या पर्यटकांचे. एक माणूस मात्र या बोलण्यात येत नाही. तो आपल्या देशातून जीव वाचवून निघालेला असतो. त्याला नीट चालता येत नाही, किंवा ऐकू येत नाही, किंवा रोजच्या गोळीशिवाय मन ताळ्यावर राहत नाही. इस्पितळाशिवाय त्याचे भागत नाही, आणि कागद नसल्यामुळे इस्पितळाची पायरी चढायची त्याला धास्ती वाटते.

अशी माणसे थोडी नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी उच्चायुक्त कार्यालयाच्या (पुढे नुसते 'उच्चायुक्तालय') आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगभर १२ कोटी ३२ लाख लोक युद्ध, छळ किंवा हिंसाचारामुळे घरापासून तुटलेले होते. जगाच्या लोकसंख्येत साधारण १६ टक्के लोकांना लक्षणीय दिव्यांगत्व असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेच प्रमाण इथे लावले तरी आकडा दोन कोटींच्या आसपास जातो, म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येच्या दहापटीहून जास्त. बॉम्ब, सुरुंग आणि तुरुंगातली मारहाण यांची भर त्यात धरलेलीच नाही.

या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, तो कुठे कामी येतो आणि कुठे हातातून निसटतो, ते मुळापासून पाहू.

## शरणार्थी कोण, दिव्यांग कोण

१९५१ च्या शरणार्थी कराराची व्याख्या आजही जगात प्रमाण मानली जाते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, आणि म्हणून जो आपल्या देशाबाहेर आहे, तो शरणार्थी. १९६७ च्या पूरक करारामुळे या व्याख्येवरची काळाची आणि युरोपची मर्यादा गेली. कराराचा कणा म्हणजे कलम ३३: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे त्या माणसाला परत लोटायचे नाही. पुढे आपण याला 'परत न लोटण्याचा नियम' म्हणू.

दिव्यांगत्वाची व्याख्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात आहे. संयुक्त राष्ट्रांनी तो १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. शरीरातली, बुद्धीतली, मनातली किंवा ज्ञानेंद्रियांतली दीर्घकाळची उणीव आणि समोरचा अडथळा यांची गाठ पडते तेव्हा दिव्यांगत्व तयार होते, असे तो सांगतो. पाय अधू असलेल्या बाईला तळमजल्यावरच्या कचेरीत काही अडत नाही. तीच कचेरी लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेली की ती बाई हक्काला मुकते. पाय तेच, फरक जिन्याचा. इथून पुढचे सगळे या एका कल्पनेवर उभे आहे, म्हणून ती धरून ठेवा.

## बोट आणि धक्का

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. भरतीला बोटीची फळी धक्क्यावर सपाट टेकते. ओहोटीला पाणी उतरले की बोट खाली जाते, फळी तिरकी होते आणि मध्ये फट राहते. चालता माणूस ढांग टाकून पार होतो. व्हीलचेअरवरचा माणूस काठावरच राहतो. त्याला कुणी अडवलेले नाही, बोट चालू आहे, धक्का बांधलेला आहे. तरी त्याला नदी ओलांडता येत नाही.

शरणार्थी करार ही बोट आहे आणि दिव्यांग करार हा धक्का. १९५१ च्या अख्ख्या करारात दिव्यांगत्वाचा उल्लेख येतो तो फक्त सामाजिक सुरक्षेच्या कलमात, कलम २४ मध्ये. कुणाला आश्रय द्यायचा आणि त्याची चौकशी कशी करायची, या भागांत तो नाही. उलट, २००६ च्या करारात 'शरणार्थी' हा शब्दच सापडत नाही. पण त्यातली दोन कलमे बोटीच्या दिशेने पुढे आलेली आहेत. युद्ध आणि मानवी आपत्तीच्या वेळी दिव्यांगांचे संरक्षण करणे हे कलम ११ प्रमाणे राज्याचे कर्तव्य आहे. कलम १८ सांगते की ओळखीची कागदपत्रे मिळवणे आणि स्थलांतराच्या प्रक्रिया वापरणे यांपासून कुणालाही दिव्यांगत्वाच्या कारणावरून वंचित ठेवता येणार नाही. अर्ज, नोंदणी आणि मुलाखत अडते ती नेमकी याच ठिकाणी, म्हणून कलम १८ ची आठवण फार थोडे वकील ठेवतात याचे वाईट वाटते.

फट बुजवण्याचा पहिला ठळक प्रयत्न २०१० चा. उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीने त्या वर्षी दिव्यांग शरणार्थींबद्दल निष्कर्ष क्रमांक ११० मंजूर केला. दिव्यांग शरणार्थींची ओळख वेळेत पटवा, नोंदणी आणि आश्रयाची प्रक्रिया त्यांना झेपेल अशी करा, निर्णयांत त्यांना सामील करा, असे त्यात म्हटले आहे. हा निष्कर्ष कुठल्याही न्यायालयात थेट बजावता येत नाही, पण सरकारांनी एकमताने मान्य केलेली गोष्ट म्हणून त्याला वजन आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही सशस्त्र संघर्षातल्या दिव्यांगांविषयी ठराव २४७५ केला.

ही फट नवी नाही, हेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या छावण्यांत वेगवेगळ्या देशांची निवड-पथके येत आणि कामाला येतील असे तरुण, धडधाकट लोक घेऊन जात. क्षयरोगी, आंधळे, पांगळे मागे राहत. घरातला एक जण नापास झाला की सगळे कुटुंब अडकायचे, नाहीतर फुटायचे. अशा मागे राहिलेल्यांसाठी १९५९-६० हे जागतिक शरणार्थी वर्ष पाळावे लागले, तेव्हा कुठे काही देशांनी त्यांना मुद्दाम जागा दिली. युद्ध संपून चौदा वर्षे झाली होती.

## नुसते दिव्यांग असणे आश्रयाला पुरते का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण 'मग काय, सगळेच दिव्यांगत्व सांगून येतील' ही शंका इथूनच निघते. कुणाच्या देशात कृत्रिम पाय मिळत नाही किंवा औषध महाग आहे, एवढ्याने तो शरणार्थी ठरत नाही. गरिबी म्हणजे छळ नव्हे. छळ म्हणजे गंभीर हानी, आणि तिचे कारण त्या पाचांपैकी एक असावे लागते.

दिव्यांगत्व या पाचांत बसते ते बहुधा 'विशिष्ट सामाजिक गट' या खान्यात. गटाला बदलता न येणारे समान लक्षण असावे लागते, किंवा समाज त्याला वेगळा गट म्हणून ओळखत असावा लागतो; काही देश दोन्ही मागतात. २०१४ चा अमेरिकेतला एक निकाल यासाठी उपयोगी आहे. टांझानियाच्या एका माणसाला द्विध्रुवीय मनोविकार होता. तिथे त्याला बांधून ठेवण्यात आले, मारहाण झाली, आणि मारणारेच त्याला स्वाहिलीतल्या 'वेडा' या अर्थाच्या शब्दाने हिणवत होते. अपील न्यायालयाने पाहिले की समाजाने या लोकांना नाव ठेवले आहे आणि त्या नावाखाली त्यांचा छळ होतो, म्हणजे गट आहेच. खालच्या पातळीवरचा नकार रद्द झाला.

वर्णकविहीनता, म्हणजे जन्मतः त्वचेत आणि केसांत रंगद्रव्य नसणे, हे याहून उघड उदाहरण. पूर्व आफ्रिकेच्या काही भागांत अशा माणसांचे अवयव जादूटोण्यासाठी कापून नेले जातात. टांझानियातल्या अशा हल्ल्यांच्या तक्रारींवर दिव्यांग हक्क समितीने सरकारला जबाबदार धरले, कारण गुन्हा खाजगी माणसांनी केला असला तरी बचाव आणि तपास करणे हे सरकारचे काम होते. समिती म्हणजे २००६ च्या करारावर देखरेख ठेवणारे १८ तज्ज्ञांचे मंडळ. ते जिनिव्हात भरते.

मोजमापाचा एक मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो. एकाच वागणुकीचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. दोन दिवस कोठडीत डांबणे हा एखाद्याला त्रास असेल. ज्याला दर काही तासांनी नळीने लघवी काढावी लागते, त्याचे मूत्रपिंड त्याच दोन दिवसांत धोक्यात येते. म्हणून छळ झाला की नाही, हे त्या माणसाच्या शरीराला आणि मनाला धरून ठरवायचे असते.

## मुलाखतीच्या टेबलावर काय बिघडते

आश्रयाचे जास्तीत जास्त अर्ज फसतात ते इथे, कायद्याच्या मोठ्या तत्त्वांवर नव्हे. शरणार्थ्याजवळ पुरावा म्हणून बहुतेक वेळा स्वतःच्या तोंडची हकीगत एवढेच असते. अधिकारी ती ऐकतो, तारखा जुळतात का पाहतो, आणि विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतो.

बिघाडाची सुरुवात नोंदणीपासून होते. खिडकीवर विचारतात, 'तुम्ही दिव्यांग आहात का?' माणूस 'नाही' म्हणतो. कधी लाजेने, कधी आपल्याला किंवा घरच्यांना परदेशात घेणार नाहीत या भीतीने, आणि कधी त्याच्या भाषेत त्या शब्दाला शिवीची धार असते म्हणून. अधिकाऱ्याला दिसतात ती फक्त व्हीलचेअर आणि कुबडी. यावर उपाय म्हणून 'वॉशिंग्टन गट' या नावाने ओळखले जाणारे सहा प्रश्न वापरतात. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा मन एकाग्र करायला, अंघोळ-कपड्यांसारखी स्वतःची कामे करायला, आणि आपल्या भाषेत समजायला-समजावायला? उत्तरे चार: अजिबात नाही, थोडी, खूप, आणि जमतच नाही. 'दिव्यांग' हा शब्द कुठेच येत नाही, म्हणूनच लोक खरे सांगतात. मात्र हे प्रश्न मनोविकार बरेचदा पकडत नाहीत, त्यासाठी वेगळे विचारावे लागते.

पुढे मुलाखत. जन्मतः बहिऱ्या असलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसाला कुठलीच ठरलेली खुणांची भाषा येत नाही. घरात तयार झालेल्या खुणा त्या घरातच कळतात. मग दुभाषी म्हणून भावाला बसवतात. छळात भावाचाच हात असेल, किंवा बलात्काराची गोष्ट असेल, तर ती त्या खोलीत उच्चारली जाणार नाही. इथे दोन दुभाष्यांची साखळी लागते. एक बहिरा दुभाषी त्या माणसाच्या खुणा, चित्रे आणि अभिनय यांतून अर्थ काढतो, दुसरा ऐकू येणारा दुभाषी तो बोलीत आणतो. वेळ दुपटीहून जास्त लागतो, म्हणून मुलाखत दोन-तीन दिवसांत वाटावी लागते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाचा घोळ वेगळा. 'तुला सैनिकांनी मारले ना?' असे विचारले की तो 'हो' म्हणतो, आणि 'सैनिकांनी मारले नाही ना?' विचारले तरी 'हो'च म्हणतो. समोरच्याला खूश करण्याची ही सवय आहे, आणि कागदावर मात्र ती खोटेपणा म्हणून उतरते. प्रश्न आखूड हवेत, एका वेळी एकच गोष्ट विचारणारे, 'मग काय झाले?' अशा मोकळ्या धाटणीचे. तारखेऐवजी खूण विचारावी: तेव्हा पाऊस होता का, कापणी झाली होती का, धाकटा भाऊ जन्मला होता का?

आघातानंतरच्या मनोविकारात स्मृती तुटक होते. माणूस एका मुलाखतीत मार्च सांगतो, दुसरीत मे. छळाच्या आठवणी अशाच साठतात, हे मानसोपचारतज्ज्ञांना ठाऊक आहे, पण नकाराच्या पत्रात 'विसंगती' हे पहिले कारण असते.

आश्चर्य वाटेल, पण यावरचे उत्तर जुने आहे. उच्चायुक्तालयाच्या १९७९ च्या हस्तपुस्तिकेत, म्हणजे दिव्यांग कराराच्या सत्तावीस वर्षे आधी, मनाचा तोल ढळलेल्या अर्जदाराबद्दल परिच्छेद २०६ ते २१२ आहेत. शक्य असेल तिथे वैद्यकीय मत घ्या, त्या मतानुसार चौकशीची पद्धत बदला, पुराव्याचे ओझे हलके करा, आणि जे अर्जदाराकडून मिळत नाही ते नातेवाईक, मित्र आणि बाहेरची परिस्थिती यांतून शोधा, असे तिथे लिहिले आहे. २००६ च्या करारातल्या कलम १३ ने त्याला हक्काचे रूप दिले: न्याय मागताना प्रक्रियेत लागतील त्या सोयी द्यायलाच हव्यात.

अर्जदाराच्या बाजूने करायची गोष्ट साधी आहे. वैद्यकीय दाखल्यात नुसते निदान घेऊ नये, परिणाम लिहून घ्यावा. 'आघातोत्तर ताण विकार' या तीन शब्दांनी अधिकाऱ्याला काही कळत नाही. 'तारखांचा क्रम सांगता येत नाही, बंद खोलीत वीस मिनिटांनंतर श्वास लागतो, दार उघडे ठेवावे' या ओळीने कळते.

## 'वाजवी सोय' आणि 'सुगम्यता' यांत फरक काय?

या दोन शब्दांचा घोळ होतो आणि त्यात हक्क बुडतो. सुगम्यता म्हणजे सगळ्यांसाठी आधीच केलेली व्यवस्था: उतार, रुंद दार, मोठ्या अक्षरांत फलक. ती टप्प्याटप्प्याने करायची मुभा राज्याला आहे. वाजवी सोय म्हणजे या एका माणसाला आज लागणारा बदल, आणि त्यात दिरंगाईची मुभा नाही. ती नाकारणे म्हणजेच भेदभाव, असे कलम २ म्हणते. नकार देता येतो तो फक्त सोय अवाजवी बोजा टाकणारी असेल तर. कचेरीला उतार बांधायला वर्ष लागेल हे खरे असू शकते. पण अधिकाऱ्याने खाली उतरून तळमजल्यावर मुलाखत घेणे आजच शक्य आहे, आणि कायदा तेच मागतो.

छावणीत हा फरक आकड्यांत दिसतो. मदतकार्यातली सर्वमान्य 'स्फिअर' मानके सांगतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, नळ ५०० मीटरच्या आत, वीस माणसांमागे एक शौचालय. पाच जणांच्या घराला रोज ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो पाणी झाले. घरची कर्ती बाई कुबडीवर असेल तर तिच्यासाठी ५०० मीटर म्हणजे पाणी नसल्यासारखेच. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्या डोंगरउतारावर वसल्या आहेत. पावसात चिखलाच्या पायऱ्या उतरून शौचालय गाठणे धडधाकटालाही अवघड जाते. उपाय स्वस्त आहेत. त्या कुटुंबाला नळाजवळची झोपडी द्यायची, शौचालयात हाताला धरायला बांबूचा दांडा लावायचा, रेशन घ्यायला दुसऱ्याचे नाव कार्डावर नोंदवायचे. उतार करायचा तर एकास बारा धरतात: १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला किमान १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी. घाईत आखूड उतार केला की व्हीलचेअर मागे उलटते, आणि मग 'बांधून दिले तरी वापरत नाहीत' असा शेरा पडतो.

## परत पाठवले तर?

या प्रश्नावर कायदा अजून घडतो आहे. २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयासमोर एक अफगाण माणूस होता. अग्निबाणाच्या स्फोटात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता आणि इतरही गंभीर इजा होत्या. ब्रिटन त्याला काबूलला पाठवू पाहत होते. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी परत पाठवणे मान्य केले. सोयींचा अभाव म्हणजे कुणी मुद्दाम केलेली हानी नव्हे, असे बहुमताला वाटले. ते मत दिव्यांग कराराच्या गाभ्याशी जुळत नाही, कारण समाजाने उभे केलेले अडथळे नैसर्गिक आजारासारखे मानले की करारच पोकळ होतो.

पुढे दिशा बदलली. २०१६ मध्ये बेल्जियमविरुद्धच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने उंबरठा खाली आणला. माणूस मरणाच्या दारात असण्याची गरज नाही. उपचार न मिळाल्याने प्रकृती गंभीर, झपाट्याने आणि कायमची ढासळून तीव्र यातना होणार असतील, किंवा आयुष्य बरेच घटणार असेल, तरी पाठवता येत नाही. २०२० मध्ये दिव्यांग हक्क समितीने स्वीडनविरुद्धच्या प्रकरणात गंभीर मनोविकार असलेल्या एका इराकी स्त्रीच्या बाजूने निर्णय दिला. तिला परत पाठवल्यावर काय होईल हे तिच्या तब्येतीच्या संदर्भात नीट तपासले गेले नव्हते, म्हणून क्रूर वागणुकीविरुद्धच्या कलम १५ चा भंग ठरला.

देशांनी पळवाटाही ठेवल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने २००६ च्या करारावर शिक्कामोर्तब करतानाच सांगून ठेवले की यामुळे परदेशी माणसाला आमच्याकडे येण्याचा हक्क मिळत नाही आणि आमच्या आरोग्य-अटी तशाच राहतील. कॅनडाने उलट केले. तिथल्या आजच्या स्थलांतर कायद्यात 'आरोग्यसेवेवर जादा भार' ही अट शरणार्थींना लागू नाही.

## भारताने शरणार्थी करारावर सहीच केली नाही ना?

बरोबर. १९५१ च्या करारात आणि १९६७ च्या पूरक करारात भारत नाही. पण दिव्यांग कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली, आणि १९९२ मध्ये बालहक्क करारही स्वीकारला, ज्यात शरणार्थी मुलांसाठी कलम २२ आणि दिव्यांग मुलांसाठी कलम २३ आहे. म्हणजे आपल्या बाजूला बोट नाही, धक्का मात्र आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतो. त्याचे कलम ८ जोखमीच्या प्रसंगी, सशस्त्र संघर्षात आणि मानवी आपत्तीत समान संरक्षण देते. घटनेची कलमे १४ आणि २१ सुद्धा प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमा शरणार्थींच्या बाबतीत हेच धरून त्यांच्या जिवाचे रक्षण करायला राज्याला सांगितले. मात्र याची सीमाही लक्षात घ्यावी लागते. एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की कलमे १४ आणि २१ सर्वांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. तेव्हा भारतात 'परत न लोटण्याचा नियम' पक्का नाही. कोठडीत, इस्पितळात, शाळेत कसे वागवायचे याचा हक्क त्यापेक्षा पक्का आहे.

दिव्यांग कराराचा एक पूरक करार आहे, ज्याखाली एकटा माणूस थेट जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार करू शकतो. वर आलेले टांझानिया आणि स्वीडनचे निर्णय त्यातूनच आले. भारत त्यात नाही, त्यामुळे इथल्या माणसाला तो दरवाजा बंद आहे. शेवटचा आधार उच्च न्यायालय.

## 'आपल्याच दिव्यांगांना मिळत नाही, मग परक्यांना कुठून?'

पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या आईच्या तोंडून हा प्रश्न येतो तेव्हा तो मनापासूनचा असतो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारख्या योजनांना गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट आहे. शरणार्थी त्या पैशाच्या रांगेत उभाच नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यालाही पत्त्याचा पुरावा आणि आधार यांची अडचण येते, म्हणून दाखल्यासाठीची ४० टक्के दिव्यांगत्वाची मोजणी होण्याआधीच तो बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कायदा त्याच्यासाठी ज्या गोष्टी मागतो त्या बहुतेक वेगळ्या आहेत: त्याचे म्हणणे त्याला समजेल अशा रीतीने ऐकणे, तातडीचे उपचार, कोठडीत त्याची कुबडी आणि औषध काढून न घेणे. आणि जो उतार बांधला जाईल, त्याच्यावरून ती आईसुद्धा आपल्या मुलाला घेऊन जाईल.

गोव्यासाठी हा विषय तसा दूरचाही नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितले, त्यांत गोमंतकीय होते. कुठल्याच देशाचे नागरिकत्व हाती नसलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युरोपातल्या तात्पुरत्या छावण्यांत आसरा मिळाला. आज हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दुकाने मांडणारे तिबेटी बांधव नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात, आणि त्यांची एक मोठी वसाहत आपल्या सीमेपलीकडे मुंडगोडला आहे. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला आणि गोव्याने दिव्यांगस्नेही राज्य म्हणून नाव कमावले. ते नाव म्हापशाच्या परदेशी नागरिकांच्या स्थानबद्धता केंद्रापर्यंतही पोचायला हवे. दिव्यांग कराराच्या कलम १४ प्रमाणे कोठडीतल्या माणसालाही वाजवी सोय मिळालीच पाहिजे.

## असा माणूस गोव्यात भेटला तर

पहिली गोष्ट: मदत म्हणून त्याच्या देशाच्या दूतावासाला फोन करू नका. तो ज्यांच्यापासून पळाला, त्यांनाच त्याचा पत्ता मिळेल आणि मागे राहिलेल्या घरच्यांवर संकट येईल. फोटो किंवा नाव व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नका, सहानुभूतीने सुद्धा नाही.

उच्चायुक्तालयाचे कार्यालय गोव्यात नाही, ते नवी दिल्लीत आहे. आधी लेखी संपर्क करावा आणि त्याच पत्रात प्रवास झेपत नसल्याचे सांगून फोनवरून किंवा व्हिडिओवरून नोंदणी मागावी. श्रीलंकेचे तमिळ आणि तिबेटी यांचे काम भारत सरकार थेट पाहते, त्यांना हा मार्ग लागू नाही. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शरणार्थी असल्याचा दावा करणाऱ्यांसाठी कार्यपद्धती घातली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. दाव्यात तथ्य दिसले तर तिच्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करता येते. त्या व्हिसावर खाजगी नोकरी आणि शिक्षण शक्य होते. हा अर्ज परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जातो, आणि तिथे एकट्याने जाण्यापेक्षा वकिलासह गेलेले बरे.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे जाता येते, देशभरचा मदत क्रमांक १५१०० आहे. दाखला नसेल तर गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जिल्हा इस्पितळातल्या डॉक्टरांचे परिणाम सांगणारे पत्र जोडावे.

अर्जात सोय नेमकी मागावी. 'सहकार्य करावे' असे लिहिले तर काहीच मागितले जात नाही. लिहावे: 'मुलाखत तळमजल्यावर घ्यावी, दर अर्ध्या तासाला दहा मिनिटे विश्रांती द्यावी, दुभाषी नातेवाईक नसावा.' खाली दिव्यांग करार, कलम ५, १३ आणि १८, तसेच २०१६ चा कायदा, कलम ३ असे नमूद करावे. दोन प्रती न्याव्यात, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सोय नाकारली गेली तर उच्च न्यायालयात पहिला पुरावा म्हणून हाच शिक्का लागतो.